आदिवासी कर्मचारी 'फील्ड'वरच का थांबतात? कामाच्या जागी नेतृत्व वाढवण्याच्या पद्धती

पानवेल

गडचिरोली, मेळघाट, यवतमाळचा कोलाम पट्टा, नंदुरबार, पालघर, रायगड. यातल्या कुठल्याही भागात काम करणाऱ्या संस्थेचा किंवा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक निधीतल्या) प्रकल्पाचा कर्मचारी-तक्ता उघडा. खालच्या ओळीत गावमित्र, प्रेरक, क्षेत्र कार्यकर्ता. आडनावं मडावी, आत्राम, कासदेकर, पावरा, वळवी. बोट वर सरकवत न्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीला आडनावं बदलतात. सह्यांच्या ओळीपर्यंत पोचलात की पुणे, नागपूर, मुंबई.

'नेतृत्व विकास शिबिर घ्या' हे उत्तर नको, ती शिबिरं ढिगाने झाली. पद्धत सांगा. कोणता अधिकार, कोणत्या क्रमाने, किती रुपयांचा, बैठक कोणत्या भाषेत, रजा कशी, निवड कशी. कुठे फसतं तेही लिहा. आत्मकथनं वेगळ्या धाग्यावर टाकावीत ही विनंती.

मोहफूल

शिबिरं फसतात कारण ती नसलेली वस्तू तयार करायला निघतात. ज्या गावात गायता, भूमिया (गावचे पारंपरिक प्रमुख), ग्रामसभा आणि इलाक्याची (अनेक गावांची मिळून) बैठक चालते, तिथला पंचविशीतला पोरगा भांडण मिटवताना, शिकारीचे वाटे पडताना, जंगलाची हद्द ठरताना लहानपणापासून बघत आलेला असतो. तो तुमच्या कार्यालयात येऊन गप्प बसतो, तेव्हा आधी बैठक तपासा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाचं नाव सगळे घेतात आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेपाशी थांबतात. तिथली यंत्रणा बघा ना. दोन वेगळ्या जागा आहेत. अभ्यासगटात ज्याला यायचं त्याने यावं, बाहेरचाही चालतो, विषय सगळ्या बाजूंनी उलटापालटा करायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो सर्वसहमतीने. एकाला जरी पटलं नसेल तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. बाहेरचा जाणकार अभ्यासगटात हवं तेवढं बोलतो, निर्णयाला मात्र त्याचं मत नाही.

कार्यालयात काय होतं? अकरा ते एक बैठक, नऊ विषय, पडद्यावर सरकणारे तक्ते. 'कुणाची काही हरकत?' आठ सेकंद शांतता. 'ठीक आहे, मंजूर.' सहमतीच्या रीतीत वाढलेल्या माणसाच्या लेखी ती शांतता म्हणजे 'मी अजून विचार करतोय'. इतिवृत्तात ती होकार म्हणून जाते. महिन्याभराने काम अडलं की साहेब म्हणतात, 'तेव्हा का नाही बोललात?'

उपाय साधा आहे. ज्या विषयाचा गावावर परिणाम होतो तो एका बैठकीत मांडायचा आणि दुसरीत ठरवायचा. मध्ये निदान एक आठवडी बाजार जाऊ द्या, कारण खरी चर्चा तिथे होते, चार गावचे सोयरे-धायरे भेटतात. बैठकीत विषय तीनच घ्यायचे. बोलण्याचा क्रम खालून वर, म्हणजे गावात राहणारा आधी, प्रकल्प संचालक शेवटी. संचालकांनी आधी तोंड उघडलं की बाकीच्यांचं बोलणं त्याला होकार देण्यापुरतं उरतं.

ओढ्याकाठी

मोहफूलजी, हे कागदावर छान वाटतं. निधी देणाऱ्याने ३१ मार्चला खर्च दाखवा म्हटलं की दोन बैठका आणि आठवडी बाजार कुठे बसवायचा?

मोहफूल

@ओढ्याकाठी, म्हणून विषयांची विभागणी वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायची. गाव निवडणं, माणूस नेमणं-काढणं, लाभार्थ्यांची यादी, जमीन-पाणी-जंगलाशी संबंधित काहीही हे दोन बैठकांचे विषय. गाडीचं टायर बदलणं हा दोन बैठकांचा विषय नाही. आणि मार्चची घाई ही बहुतेक वेळा सप्टेंबरात झोपलेल्या नियोजनाची असते, जंगलातल्या संथपणाची नसते.

हिशेबनीस

भाषा, बैठक, सगळं ठीक. माझं म्हणणं, सहीपासून सुरू करा.

मेंढ्याचीच पुढची गोष्ट घ्या. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. सामूहिक वनहक्क गावाला मिळाला २००९ मध्ये. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनविभागाच्या हातात. मालकी गावाची, पण सहीशिवाय बांबू गावाबाहेर निघणार नाही. ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं २७ एप्रिल २०११ ला, तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. हक्क आणि सही यांच्यात साधारण दीड वर्षाचं अंतर पडलं.

संस्थांत नेमकं हेच होतं. 'तालुका समन्वयक' म्हणून मडावीभाऊंना पद मिळतं, व्हिजिटिंग कार्ड मिळतं, पण दोनशे रुपयांच्या झेरॉक्सला नागपूरची मंजुरी लागते. गावाला हे दोन दिवसांत कळतं. मग गाव थेट नागपूरला फोन लावतं, आणि नागपूर म्हणतं, 'बघा, समन्वयक कमी पडतोय.'

मी सुचवीन ती उतरंड अशी, आकडे आपापल्या अंदाजपत्रकाप्रमाणे बदला:

पहिले तीन महिने ५,००० रुपये किरकोळ खर्चाची रक्कम, हिशेब महिनाअखेर. चौथ्या महिन्यापासून मंजूर शीर्षाखाली महिना २५,००० पर्यंत पूर्वपरवानगी नाही, फक्त खर्चानंतर कळवायचं. वर्ष झालं की बँकेत सहीचा अधिकार, तिघांपैकी दोघांची सही आणि त्यात स्थानिक सही सक्तीची. ही 'सक्तीची' अट सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर बाकीचे दोघे आपापसात सह्या करून मोकळे होतात आणि स्थानिक माणूस नावापुरता उरतो.

फसतं कुठे? एक, बँकेत. ठराव, केवायसी, नमुना सह्या यात महिना सहज जातो. शाखा ४० किलोमीटरवर, गेलं की 'लिंक नाही'. म्हणून पद देण्याच्या दोन महिने आधी कागद हलवा. दोन, पावत्यांत. आठवडी बाजारातली भाजी, नावेचं भाडं, बैलगाडी यांना जीएसटीचं बिल कोण देणार? बिल नाही म्हणून खर्च नामंजूर, पैसे समन्वयकाच्या खिशातून. असं तीनदा झालं की तो अधिकार वापरणंच बंद करतो, आणि फाईलवर 'निर्णयक्षमता कमी' असा शेरा पडतो. वर्षाच्या सुरुवातीला लेखापरीक्षकाकडून लेखी घ्या की १,००० रुपयांपर्यंत साधं व्हाउचर चालेल, त्यावर विकणाऱ्याचं नाव, गाव, सही किंवा अंगठा आणि एक साक्षीदार. लेखापरीक्षक सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना आधी विचारलेलं हवं असतं.

आणि 'यांना हिशेब जमेल का?' असं विचारणाऱ्यांनी मे महिन्यात तेंदूच्या फळीवर (विडीची पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) एक संध्याकाळ उभं राहावं. ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांचा एक प्रमाण गोणा. समजा फळीवर हंगामात २०० गोणे झाले, तर २ लाख पुडे, १ कोटी ४० लाख पानं. शंभर-सव्वाशे घरांची रोजची आवक, प्रत्येकाच्या कार्डावर नोंद, ओले पुडे बाजूला, कमी पानांचे परत, शेकड्याचा भाव, शेवटी मजुरी आणि बोनस वेगवेगळे. हे सगळं फळीमुन्शी (फळीवरचा हिशेब ठेवणारा) उजेड जायच्या आत करतो, कारण रात्री पाऊस आला तर माल काळा पडतो. ग्रामसभांनी स्वतः तेंदूचे लिलाव करायला घेतल्यापासून तो मुन्शी गावचाच असतो. त्याला तुमची एक्सेलची तक्ता-पट्टी अवघड नाही.

सीमेवरचा

हिशेबनीस, बारीक दुरुस्ती. ७० पानं महाराष्ट्रात. पलीकडे छत्तीसगडात पुडा ५० चा. सीमेवरच्या गावांत दोन्हीकडचे मजूर एकाच फळीवर येतात आणि पहिल्या दिवशीची निम्मी भांडणं याचीच. ती सोडवतो तोच मुन्शी. बाकी सगळ्याला +१.

बोलीघर

भाषेबद्दल. 'आम्ही गोंडीत बोलायला परवानगी देतो' असं अभिमानाने सांगणारी कार्यालयं असतात. त्या परवानगीचा उपयोग शून्य. क्रम बदला. मूळ चर्चा गोंडीत, माडियात, कोरकूत, भिलीत व्हावी आणि मराठीवाल्याला दर पंधरा मिनिटांनी सारांश मिळावा. सध्या मराठीत चर्चा होते आणि शेवटी 'जरा त्यांना समजावून सांगा' म्हणतात. सारांश ऐकणारा नेता होत नाही, मग तो कुठल्याही जातीजमातीचा असो. क्रम उलटा केला की पहिल्याच बैठकीत साहेबांना घाम फुटतो. तो फुटू द्यावा.

इतिवृत्त मराठीत लिहा, हरकत नाही, पण सही घेण्याआधी मोठ्याने वाचून बोलीत सांगा. दहा मिनिटं लागतात. 'ठरलं' आणि 'चर्चा झाली' यातला फरक इथेच पकडला जातो.

दुभाषाचं काम हे काम आहे. पदाच्या वर्णनात लिहा, भत्ता द्या. मराठी, गोंडी, तेलुगू अशा तीन भाषा बोलणारी सिरोंच्याकडची मुलगी 'क्षेत्र कार्यकर्ता' म्हणून पगार घेते आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झालेला एकभाषिक माणूस तिचा पर्यवेक्षक असतो, हे गणित कुणीतरी एकदा फळ्यावर मांडावं.

निवडीबद्दल: मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' हा प्रश्न काढून टाका. स्वतःची फुशारकी मारणं जिथे वाईट समजतात तिथला उमेदवार या प्रश्नाला दोन वाक्यांत संपतो. त्याऐवजी तीन कामं द्या. (१) जमिनीवर किंवा कागदावर आपल्या गावाचा आणि जंगलाचा नकाशा काढून कुठला हक्क कुणाचा ते सांग, ३० मिनिटं. (२) हजेरीपटावरचा एक वाद, दोन माणसं भांडायला बसवलेली, तू मिटव. (३) एक सरकारी पत्रक आपल्या बोलीत पाच जणांना समजावून दे, मग त्या पाच जणांना आम्ही विचारतो काय कळलं. निवड मंडळ पाच जणांचं, त्यातले दोघे ग्रामसभेने पाठवलेले. पदवीची अट जिथे निधी देणाऱ्याने घातलेली नाही तिथे ती तुम्हीच घातलेली असते, तपासा.

पळसपान

एक धोक्याची सूचना. 'आदिवासी नेतृत्व' ही एकच गोष्ट समजू नका. महाराष्ट्राच्या यादीत चाळीसहून जास्त जमाती आहेत, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या साधारण ९.४ टक्के. त्यातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित गटात येतात. कोलाम पोडावर (वस्तीवर) गोंड समन्वयक पाठवून 'स्थानिक नेतृत्व' म्हणणं, किंवा कातकरी वाडीचे निर्णय शेजारच्या जमिनी असलेल्या जमातीच्या पुढाऱ्याकडून घेणं, यात पोडाला आणि वाडीला काहीच मिळत नाही. वरची पायरी बदलली, त्यांची तीच.

कातकऱ्यांच्या बाबतीत सगळ्यात ढोबळ चूक म्हणजे वेळापत्रक. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामाला निघतात, पावसाच्या तोंडावर परततात. संस्थांची प्रशिक्षणं कधी? नोव्हेंबर ते मार्च, कारण तेव्हा 'रस्ते चांगले असतात'. मग अहवालात 'सहभाग अत्यल्प'. शिवाय भट्टीची उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, त्यामुळे गावात थांबायचं ठरवलं तरी माणूस मोकळा नसतो. त्यातल्या एखाद्याला कामावर घ्यायचं असेल तर गणपतीच्या आधी, उचल घेण्यापूर्वी नेमणूकपत्र हातात पडलं पाहिजे.

ओढ्याकाठी

रजेचं काय? 'न सांगता गायब होतात' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते.

मोहफूल

गायब होत नाहीत, कुठे जातात ते ठरलेलं असतं. पूर्व विदर्भाचं सांगतो. मार्च-एप्रिल मोह वेचणी, पहाटे चारला घर सोडतात. एप्रिलअखेर ते मे तेंदू. जुलैत रोवणी. पंडुम म्हणजे गावाचे सण, ते गावागावात वेगवेगळ्या तारखेला, आणि ती तारीख गावातली जाणती माणसं बसून ठरवतात, कालनिर्णयमध्ये सापडणार नाही. मृत्यू झाला की दिवसांचे विधी, आणि नातं तुमच्या रजेच्या नियमातल्या 'जवळचे नातेवाईक' या व्याख्येपेक्षा फार लांबपर्यंत जातं.

चालणारी पद्धत: वर्षाच्या १२-१४ सार्वजनिक सुट्ट्यांपैकी पाच-सहा 'गावाच्या सुट्ट्या' म्हणून मोकळ्या सोडायच्या, तारीख केंद्रावरच्या लोकांनी आठ दिवस आधी कळवायची. मृत्यूच्या रजेत नात्याची यादी काढून टाकायची, दिवसांची मर्यादा ठेवायची. तेंदूच्या तीन आठवड्यांत अर्धवेळ काम आणि अर्धा पगार हा पर्याय लेखी द्यायचा. कारण त्या हंगामात घरची कमाई महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त असू शकते, आणि माणूस हिशेब करूनच गैरहजर राहतो. कार्यालय त्याला आळस म्हणतं.

रानजाई

इतका वेळ धागा वाचते आहे, बायकांच्या अडचणींचा विषय एकदाही नाही. 'परंपरेत नेतृत्व आहेच' हे अर्धं खरं. पारंपरिक पंचात पुष्कळ ठिकाणी बायकांना जागा नव्हती, काही ठिकाणी अजून नाही. कायद्याने दार उघडलं. वनहक्क समिती १० ते १५ सदस्यांची, त्यात एक-तृतीयांश महिला हव्याच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. ही अट लागू झाली तेव्हा कुठे बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरायला लागली. म्हणून कार्यालयातही संख्येची अट हवी, नुसती सदिच्छा पुरत नाही. निर्णयाच्या बैठकीत एक-तृतीयांश स्थानिक महिला नसतील तर बैठक तहकूब, इतकं सरळ.

व्यवहारात: एकटी बाई नेमू नका, दोघी नेमा. प्रवास, मुक्काम, उशिराचं घरी येणं, गावातली कुजबुज, सगळं दोघींनी निम्मं होतं. तालुक्याच्या बैठकीला बाळ आणि बाळाला सांभाळणारी, दोघांचंही भाडं द्या. गाडी चालवण्याच्या परवान्याचा खर्च उचला. दुचाकी चालवता येणारी बाई आणि न येणारी बाई यांच्या पुढच्या वाटेत फार फरक पडतो.

अजून एक नाजूक गोष्ट. गडचिरोलीच्या बऱ्याच गावांत पाळीच्या दिवसांत बायका कुर्माघरात (वेगळ्या झोपडीत) राहतात. प्रथा बरी की वाईट यावर स्वतंत्र धागा होईल. पण संस्थेने बैठकीची तारीख जाहीर केली आणि महत्त्वाचं बोलणारी बाई तेव्हा कुर्माघरात असेल तर तिचं मत हरवतं. दोन बैठकांच्या पद्धतीचा इथेही फायदा होतो, एक चुकली तरी दुसरी मिळते. आणि मधल्या दिवसांत सहकारी बाईने जाऊन तिचं म्हणणं ऐकून यावं. 'पाळी असली तरी ये' असा हुकूम नागपूरहून सोडू नये, त्याचा त्रास तिला होतो, नागपूरला नाही.

यारानदी

मेलबर्नहून वाचते आहे. इथल्या कंपन्यांत यासाठी एक ठरलेला साचा आहे म्हणून लिहिते. 'रिकन्सिलिएशन अ‍ॅक्शन प्लॅन', २००६ पासून सुरू. चार पायऱ्या: रिफ्लेक्ट, इनोव्हेट, स्ट्रेच, एलिव्हेट. मूलनिवासी म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांना नोकरी, बढती, त्यांच्या व्यवसायांकडून खरेदी असं सगळं त्यात येतं. मला त्यातला उपयोगी भाग वाटतो तो तक्ता: प्रत्येक कृतीसमोर तारीख आणि जबाबदार पदाचं नाव, आणि तो तक्ता जाहीर. 'विविधतेला प्रोत्साहन देऊ' असं मोघम लिहून सुटता येत नाही. अर्थात पहिल्या पायरीवर ठाण मांडून बसलेल्या कंपन्याही पुष्कळ आहेत, फलक लावायचा आणि जुलैच्या नाइडॉक आठवड्यात (मूलनिवासींच्या संस्कृतीचा उत्सव) चहापान करायचं.

रजेबद्दल: इथल्या अनेक उद्योगांच्या वेतन-करारांत पारंपरिक विधींसाठी वर्षाला १० दिवसांपर्यंत बिनपगारी रजेचं कलम आहे. बिनपगारी आहे हे लक्षात घ्या, फार हुरळून जाण्यासारखं नाही. पण कलम लेखी असल्यामुळे दर वेळी वरिष्ठाला संस्कृती समजावून सांगावी लागत नाही.

आणि एक कल्पना तुमच्याकडे नक्की लागू पडेल. इथे 'सांस्कृतिक ओझं' म्हणतात. कार्यालयात एकच मूलनिवासी व्यक्ती, मग पाहुण्यांचं स्वागत तिने करायचं, धोरणाचा मसुदा तिने तपासायचा, सहकाऱ्यांच्या शंका तिनेच फेडायच्या, आणि स्वतःचं ठरलेलं काम वेगळंच. वर्षअखेर मूल्यमापन फक्त ठरलेल्या कामाचं.

बोलीघर

@यारानदी, अगदी. आपल्याकडे ९ ऑगस्ट आला की हेच. जागतिक आदिवासी दिन, ढोल, रेला नाच, मोरपिसं, वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ. नाचात पुढे असलेली मुलगी लेखाविभागात तीन वर्षं कनिष्ठ पदावर. पाहुणे आले की गावदर्शनाला तीच. महिन्याचे किती तास यात गेले याची नोंद ठेवा. १० तासांच्या वर गेलं की नेहमीचं तेवढं काम कमी करा किंवा जादा मोबदला द्या. आणि 'नाही' म्हणायचा हक्क लेखी द्या, तोंडी दिलेला चालत नाही.

कामगारनाका

संस्थांचं झालं. कारखान्याचं कुणी बोलत नाही. नाशिक, चाकण, बुटीबोरीत आयटीआय झालेली आदिवासी पोरं शिकाऊ म्हणून येतात आणि बरीच पहिल्या दोन महिन्यांत परत जातात. एचआर म्हणतं, 'यांना शहर सोसत नाही.'

शहर नाही, पहिला महिना सोसत नाही. खोलीला अनामत, खानावळीला आगाऊ, बूट स्वतःचे, आणि पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला. म्हणजे रुजू झाल्यापासून जवळपास चाळीस दिवस हातात काही नाही. पहिल्या आठवड्यात ३,०००-४,००० उचल द्या, तीन हप्त्यांत कापा. एका गावातले किंवा एका भाषेचे निदान दोघे एकाच पाळीत ठेवा; वेगवेगळ्या पाळ्या लावल्या की दोघेही एकटे पडतात. ज्याच्याकडे जायचं तो ओळखीचा माणूस एक वर्ष तरी बदलू नका.

पुढे लाइन लीडर करायचं तर कौशल्य-तक्त्यावर लाइनवरच्या सगळ्या यंत्रांसमोर 'स्वतंत्रपणे चालवतो' अशी नोंद झाल्यावर लगेच बदली-लीडर म्हणून आठवड्यातून एक पाळी द्या. कंत्राटी नोंदीवर असताना हे करता येत नाही, म्हणून आधी कायम करा. 'आधी नेतृत्व दाखवा, मग कायम करू' यात कंत्राटदाराचाच फायदा. टोपणनावं, रंगावरून, दारूवरून होणारी चेष्टा ही 'खेळीमेळी' नाही. पर्यवेक्षकाच्या मूल्यमापनात त्याच्या पाळीतून किती जण सोडून गेले हा आकडा टाका, चेष्टा आपोआप थंडावते.

पळसपान

अवांतर, पण सरकारी कार्यालयांबद्दल एक ओळ. अनुसूचित जमातीच्या ७ टक्के जागांवर बोगस दाखल्याने बसलेल्यांना संरक्षण नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ जुलै २०१७ चा. एवढ्या वर्षांत वरच्या पदांवर पोचली असती अशी एक अख्खी पिढी त्या जागांमुळे मागे राहिली. 'वरच्या जागी लायक माणसं मिळत नाहीत' असं म्हणताना हेही आठवावं.

सीमेवरचा

गडचिरोलीच्या संदर्भात एक मुद्दा कुणी लिहिला नाही. पुढारी दिसला की पोलीस आणि नक्षलवादी, दोन्ही बाजूंचा संशय त्याच्यावर. निवेदनाखाली एकट्याची सही, फेसबुकवर एकट्याचा फोटो, संस्थेच्या पुरस्कारात एकट्याचं नाव, याची किंमत त्याला मोजावी लागू शकते. म्हणून तिथे पत्र जातं ते ग्रामसभेच्या ठरावाने, सह्या पन्नास. संस्थांनी 'यशोगाथा' छापताना हे पाळावं. संमती फोटो काढताना घेऊ नका, छापील मसुदा दाखवून घ्या. पुरस्कार द्यायचाच तर गटाला द्या. शहरी एचआरला हा नम्रपणा वाटतो, पण ती खबरदारी आहे.

पानवेल

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. हे सगळं एकदम करता येणार नाही. आधी कशाला हात घालावा? आणि ग्रामसभेकडून निवड मंडळावर दोघं मागवायचे तर कुणाला लिहायचं, सरपंचांना?

हिशेबनीस

आधी बँकेतल्या सहीचे कागद, कारण त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. कागद हलत असतानाच बैठकीचा क्रम बदला, त्याला पैसे लागत नाहीत. रजेचे नियम एप्रिलच्या आत. पगाराची उतरंड आणि पदवीच्या अटी पुढच्या अंदाजपत्रकात, मधे घुसवल्या तर विश्वस्त मंडळ अडवतं. पद मात्र शेवटी द्या, अधिकार हातात आल्यावर.

मोहफूल

सरपंचांना प्रत द्या, पण मूळ पत्र टोल्याच्या (वस्तीच्या) ग्रामसभेला. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा) कायदा १९९६ चा, आपले नियम २०१४ चे. त्यानुसार पाडा किंवा टोला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा असते. एका ग्रामपंचायतीत अशा चार-सहा ग्रामसभा असू शकतात. पंचायतीत दिलेलं पत्र आवक-जावक नोंदवहीत पडून राहतं.

पत्र निदान तीन आठवडे आधी द्या, स्वतः नेऊन द्या आणि बैठकीत वाचून दाखवायची विनंती करा. त्यात तीनच गोष्टी: पद कशाचं, पगार किती, आणि ग्रामसभेच्या दोघांचं मत बाकी तिघांच्या बरोबरीचं असेल की नुसतं सल्ल्याचं. तिसरी गोष्ट मोघम ठेवलीत तर ते दोघे येतील, चहा घेतील, काही बोलणार नाहीत. दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं त्याच दिवशी रोख, 'खात्यावर टाकतो' नको. कोण येणार ते ग्रामसभेला ठरवू द्या, नावं सुचवू नका. आणि तारीख रोवणीत टाकू नका, जुलैचे शेवटचे दोन आठवडे चिखलातून कुणी येणार नाही.